४.२ व्होल्टची मर्यादा आली कुठून?

लिथियम बॅटरीचा सेल सहसा ४.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करतात; ही त्या मर्यादेची गोष्ट. लिथियम बॅटरीची पहिली अडचण आयुष्याची नव्हती, आगीची होती. १९७०च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी बनवलेल्या सेलमध्ये ऋण बाजूला लिथियम धातूच होता. चार्जिंग करताना हा धातू सपाट बसत नाही. त्याला सुईसारखे कोंब फुटतात आणि ते मधला पडदा भेदून पलीकडे पोचले की सेल आतूनच शॉर्ट होतो. कॅनडाच्या मोली एनर्जीला १९८९मध्ये अशाच बॅटऱ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने १९८०मध्ये धन बाजूसाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड शोधलं. १९८५मध्ये जपानच्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी ऋण बाजूला धातूऐवजी कार्बन घेतला. १९९१मध्ये सोनीने हा सेल बाजारात आणला. कोंबांचा धोका बराच कमी झाला, पण संपला नाही: शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केलं, तर लिथियम ग्रॅफाइटमध्ये (आजच्या सेलमधल्या कार्बनमध्ये) शिरायच्या आधीच वरच साचतं. म्हणून गारठलेली बॅटरी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग चार्जिंगला लावावी.

सोनीच्या सुरुवातीच्या सेलची चार्जिंगची मर्यादा ४.१ व्होल्ट होती. पुढे ग्रॅफाइट आलं आणि ४.२ रूढ झाली. आजच्या अनेक फोनमध्ये ती ४.४च्या आसपास आहे. दर वाढीव पायरीला थोडी जास्त क्षमता मिळाली, पण ती आयुष्यातून वजा झाली. पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसतो. तो सेलला सांभाळतो, पण वाढत राहतो आणि वाढताना कामाचं लिथियम खातो. उष्णता आणि भरलेली बॅटरी, दोन्हींमुळे ही वाढ वेगाने होते. जास्त व्होल्टेजला धन बाजूलाही सेलमधलं द्रावण विघटित होऊन वायू सुटतो. बॅटरी फुगते ती यामुळे.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. सेलवरचं संरक्षक सर्किट आयुष्य जपतं असं अनेकांना वाटतं. स्वस्त पॅकमध्ये सर्रास दिसणारी डीडब्ल्यू०१ चिप साधारण ४.३ व्होल्टला चार्जिंग तोडते आणि २.४ला पुरवठा. हे आकडे अपघात टाळण्यासाठी आहेत, झीज थांबवण्यासाठी नाहीत. सेल त्याहून फार खाली उतरला, तर ऋण बाजूची तांब्याची पट्टी द्रावणात विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे बसून शॉर्ट करतं. म्हणून महिनोन्‌महिने २ व्होल्टखाली पडून राहिलेला सेल जिवंत करायच्या फंदात पडू नये. ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज करा’ ही निकेल-कॅडमियमच्या काळातली सवय इथे तोट्याचीच.

लिथियम आयर्न फॉस्फेट हा दुसरा रस्ता. टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत अक्षय पाढी यांनी त्यावर काम केलं आणि १९९७मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, म्हणून आगीचा धोका कमी, आणि मर्यादा ३.६५ व्होल्ट. त्याला ४.२चा चार्जर कधीच लावू नये. भारतात २०२२च्या ई-स्कूटर आगींनंतर ई-वाहनांच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक कडक झालं; एका सेलची आग शेजारच्या सेलना लागू नये यावर त्यात भर आहे.

फोन-लॅपटॉपमधली ८० टक्क्यांची मर्यादा म्हणजे याच इतिहासात एक पायरी मागे येणं. ४.२ऐवजी ४.१ला थांबलं, तर सुमारे दहा टक्के क्षमता सोडावी लागते आणि चार्जिंगच्या फेऱ्या ढोबळमानाने दुप्पट मिळतात. बॅटरी ठेवून द्यायची असेल, तर ४० ते ६० टक्क्यांवर, थंड जागी ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी व्होल्टेज तपासावं.