खुब्यातला दांडा किती वाकावा?

खुबा बदलायचा ठरला की रुग्णाचं आणि घरच्यांचं सगळं लक्ष 'बॉल'कडे जातं. सिरॅमिकचा घ्यायचा की धातूचा, लायनर, म्हणजे बॉल ज्यात फिरतो ते कपाचं अस्तर, कोणतं, किती वर्षं टिकेल, हे प्रश्न हमखास येतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवलेल्या दांड्याबद्दल, म्हणजे स्टेमबद्दल, क्वचितच कुणी विचारतं. पुढच्या वीस वर्षांत त्या हाडाची तब्येत कशी राहील, हे मात्र बऱ्याच अंशी तो दांडा किती ताठ आहे यावर ठरतं.

आधी भाराचा अंदाज घेऊ. बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत मोजमापाची यंत्रणा असलेले कृत्रिम खुबे काही रुग्णांना बसवले आणि सांध्यावरचा जोर थेट मोजला. ताशी 4 किलोमीटर वेगाने चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे 238 टक्के निघाला. म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला 140 किलोंहून जास्त भार येतो. अडखळून तोल सावरताना हाच आकडा वजनाच्या आठपटींच्याही पुढे गेलेला आढळला. शिवाय बॉल मांडीच्या हाडाच्या सरळ रेषेत नसतो, तो चारेक सेंटीमीटर आतल्या बाजूला असतो. त्यामुळे प्रत्येक पाऊल दांड्याला नुसतं दाबत नाही, वाकवूही पाहतं.

मूळच्या खुब्यात हा भार हाडाच्या वरच्या टोकातून, विशेषतः मानेखालच्या आतल्या जाड कडेतून, खाली उतरतो. या कडेला अस्थितज्ज्ञ कॅल्कार म्हणतात. भार मिळेल तिथे हाड घट्ट होतं आणि भार सुटेल तिथे विरळ होतं, हा नियम युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्ये मांडला. वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्के घटतं, ते याच कारणाने. आता हाडाच्या पोकळीत हाडापेक्षा कितीतरी ताठ दांडा बसवला, की भार त्या दांड्यातून थेट खालच्या टोकाशी जातो. वरचं हाड रिकामं बसतं आणि झिजू लागतं. याला स्ट्रेस शील्डिंग म्हणतात.

धातूचा ताठपणा गिगापास्कलमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका पदार्थ ताठ. मांडीच्या हाडाच्या कठीण कवचाचा आकडा 15 ते 20 आहे. खुब्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम घातलेल्या टायटॅनियमचा, आकडा 110 च्या आसपास येतो. स्टेनलेस स्टीलचा 190 ते 200, तर कोबाल्ट-क्रोमचा 210 ते 230. म्हणून टायटॅनियमला 'लवचीक धातू' म्हणायचं, तेही कोबाल्ट-क्रोमच्या तुलनेत. हाडाशेजारी ठेवलं तर ते सहापट ताठच आहे.

पण नुसत्या धातूच्या नावावर जाऊ नका. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिलिमीटरचा दांडा 16 मिलिमीटरचा केला की हा विरोध तिपटीहून जास्त होतो. कोबाल्ट-क्रोमऐवजी टायटॅनियम घेऊन तो फक्त निम्मा होतो. म्हणजे 16 मिलिमीटरचा टायटॅनियमचा दांडा 12 मिलिमीटरच्या कोबाल्ट-क्रोमच्या दांड्यापेक्षा दीडपट ताठ निघतो.

याचा परिणाम हाडावर कसा होतो ते साध्या हिशेबाने पाहता येतं. हाड बाहेरून 28 आणि आतून 14 मिलिमीटर व्यासाचं, कवचाचा आकडा 17 आणि दांडा पोकळीत चपखल बसलेला असं धरू. दांडा आणि हाड एकत्र वाकताना टायटॅनियमचा दांडा वाकवणाऱ्या भारापैकी सुमारे 30 टक्के स्वतःकडे घेतो, कोबाल्ट-क्रोमचा 46 टक्के. आता उतारवयातलं, कवच पातळ झालेलं हाड घ्या. बाहेरून तेच 28, पण पोकळी रुंदावून 18 झालेली. ती भरायला दांडाही 18 चा लागतो. इथे टायटॅनियम 57 टक्के भार उचलतं आणि कोबाल्ट-क्रोम 73 टक्के. प्रत्यक्षात दांडा गोल नसतो आणि हाड इतकं सरळ नसतं, तरी यातून दिसणारी दिशा खरी आहे. ज्या आजींचं हाड आधीच विरळ आहे, त्यांच्याच वाट्याला सर्वांत ताठ दांडा येतो आणि हाडाचं उरलंसुरलं काम तो काढून घेतो. लवचीकपणाची खरी गरज तिथेच आहे.

शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी काढलेला एक्स-रे पहिल्या दिवसाच्या एक्स-रेशेजारी धरला तर हे डोळ्यांनी दिसतं. कॅल्कारचा कोपरा पहिल्या चित्रात चाकूने कापल्यासारखा धारदार असतो. दुसऱ्यात तो जुन्या देवळाच्या पायरीसारखा गोलावलेला आणि फिका झालेला असतो. दांड्याच्या खालच्या टोकाशी मात्र हाडाचं कवच जाड होऊन पांढरं उठून दिसतं, कारण भार आता तिथे उतरतो. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत ही घट आकड्यांत मोजता येते. घट बहुतेक पहिल्या वर्षभरात होते आणि पुढे वेग मंदावतो. इतकं होऊनही बहुतेक रुग्णांना काही जाणवत नाही आणि दांडा घट्टच राहतो. प्रश्न येतो तो पुढे कधी दांडा काढायची वेळ आली किंवा पडून त्याच्याभोवतीचं हाड मोडलं तर. नवा दांडा धरायला वर हाडच उरलेलं नसतं.

मग दांडा हाडाइतकाच लवचीक का करू नये? हा प्रयोग होऊन गेला आहे. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट माथिस यांनी 1973 मध्ये आत धातूचा गाभा आणि बाहेर पॉलिॲसिटल हे प्लॅस्टिक असलेला 'आयसोइलॅस्टिक' दांडा आणला. कल्पना तर्कशुद्ध होती, तरी यातले बरेच दांडे सैल झाले. कारण समजून घेण्यासारखं आहे. दांडा मऊ असला की तो भार वरच्या वर हाडाला देऊन टाकतो. हाडाला ते हवंच असतं, पण त्यामुळे वरच्या भागात दांडा आणि हाड यांच्या सांधणीवर ताण वाढतो आणि दोघं एकमेकांवर सूक्ष्म घसरू लागतात. हाडात दांडा पक्का करणाऱ्या सिमेंटशिवाय बसवलेल्या दांड्याच्या खडबडीत पृष्ठभागात हाड शिरून वाढावं लागतं. ही घसरण 40 मायक्रॉनच्या आत असेल तर हाड वाढतं. 150 मायक्रॉनच्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते आणि दांडा कायमचा डुगडुगत राहतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. दोन केसांच्या जाडीएवढी हालचाल सगळं काम बिघडवू शकते. हाडाला दांडा वाकणारा हवा आणि सांधणीला तो स्थिर हवा. अर्धशतकाचं संशोधन या दोन मागण्यांच्या मध्ये अडकलं आहे.

सिमेंट वापरून बसवायच्या दांड्याचं गणित तर उलटच. तिथे लवचीक दांडा सिमेंटच्या पातळ थरावर जास्त ताण टाकतो, थर तडकतो आणि फटीत साचलेल्या द्रवात टायटॅनियमही गंजतं. सिमेंटमधल्या टायटॅनियमच्या अनेक दांड्यांचा अनुभव वाईट आला. त्यामुळे सिमेंटसाठी स्टेनलेस स्टील किंवा कोबाल्ट-क्रोम, तेही गुळगुळीत पॉलिश केलेलं, हीच निवड योग्य आहे.

आणखी लवचीक धातूंकडेही लोक वळले. मॉलिब्डेनम, झिर्कोनियम आणि लोखंड घातलेल्या बीटा प्रकारच्या टायटॅनियमचा ताठपणा 75 ते 85 पर्यंत खाली येतो. हाडाच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती, पण अडचण भलत्याच ठिकाणी निघाली. दांड्याच्या मानेचं निमुळतं टोक बॉलमध्ये घट्ट बसवलेलं असतं. मान जास्त लवचीक आणि तिच्यावर कोबाल्ट-क्रोमचा 36 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा बॉल, या जोडीत त्या टोकाशी सूक्ष्म घासणी सुरू झाली. टायटॅनियमवरचं काही नॅनोमीटर जाडीचं संरक्षक कवच वारंवार खरवडलं गेलं की गंज धरतो. काही रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट वाढलं, आसपासच्या ऊती खराब झाल्या, आणि मोजक्या प्रसंगी मान झिजून बॉल निखळला. हाडासाठी हवा तो गुण मानेसाठी दोष ठरला.

आज बाजारात टिकलेला तोडगा रचनेतून आला आहे. धातू तोच 110 चा टायटॅनियम, पण दांडा खाली निमुळता होत जाणारा, काही रचनांत टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी खाच, आणि सच्छिद्र लेप फक्त वरच्या भागाला. हाड वरच धरतं, खालचं टोक मोकळं राहतं आणि भार वरून उतरतो. लेपही विचार करूनच द्यावा लागतो, कारण खडबडीत पृष्ठभागावरून टायटॅनियमला थकव्याची, म्हणजे वारंवार वाकण्याने पडणारी, चीर लवकर जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दांड्याला 2300 न्यूटनच्या भाराखाली 50 लाख वेळा वाकवून तपासतात. एका पायाची वर्षाला साधारण 10 लाख पावलं धरली तर ही पाच वर्षांची चाल झाली.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर या सगळ्याचा कस लागतो तो ब्रोच वापरताना. लहान मापापासून सुरू करून, दांड्याच्याच आकाराचा कानशीसारखा ब्रोच पोकळीत ठोकत मापं वाढवतात. शेवटच्या मापाला हातोडीचा बद्द आवाज टणक होतो आणि ब्रोच पुढे सरकत नाही. एक माप कमी घेतलं तर दांडा खाली रुततो, एक जास्त घेतलं तर हाडाला चीर जाते आणि तिथेच तारेचा वेढा घालावा लागतो. चौथ्या घाताचा हिशेब आठवला तर 'भरून टाका जाड दांडा' हा मोह का टाळायचा तेही कळतं.

रुग्णाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मांडीच्या मध्यावर, दांड्याच्या टोकापाशी दुखणं पहिल्या एक-दोन वर्षांत होऊ शकतं आणि ताठ, जाड दांड्यात ते जास्त आढळतं. पण खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांना दुखणं आणि मग थांबणं हे सैलपणाचं लक्षण असू शकतं. त्यासाठी एक्स-रे काढून जुन्या एक्स-रेशी ताडून पाहावा. दुसरं, दांडा, बॉल, लायनर आणि कप यांच्या खोक्यांवरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागून घ्यावेत. त्यांवर धातू, माप आणि लॉट क्रमांक असतो. वीस वर्षांनी दुसरा सर्जन तो दांडा काढायला बसेल तेव्हा कोणती अवजारं मागवायची आणि जुन्या मानेवर कोणता नवा बॉल बसतो, हे त्या स्टिकरवरूनच कळतं.