घोरणं नव्हे, आचके

फोंडा किंवा डिचोलीकडच्या एखाद्या देवळासमोर जत्रेचं नाटक रंगात आलंय आणि पुढच्या रांगेतले एक काका खुर्चीवरून कोसळले. कुणी पाणी शिंपडतं, कुणी तळवे चोळतं, कुणी कांदा आणायला धावतं. एवढ्यात कुणीतरी म्हणतं, "श्वास आहे, घोरतायत बघा!" सगळ्यांना हायसं वाटतं.

घात होतो तो इथेच. हृदय बंद पडल्यावरही मेंदूचा तळाचा भाग थोडा वेळ आचके देववत राहतो, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवूनही माणूस जागा होत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर हृदय थांबलं असंच धरायचं. नाडी शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन लावून तो स्पीकरवर ठेवायचा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, सुरू करायचा, कारण मदतीविना गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आतल्या गावांतले वळणाचे रस्ते आपल्याला ठाऊकच आहेत.

छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हृदयात रक्त परत भरतं ते त्याच क्षणी. नवखे लोक नेमके इथेच चुकतात, छातीवर रेलून राहतात. उत्तम दाबांनीही नेहमीच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश रक्त फिरतं. पण तेवढ्यावर मेंदू तग धरतो.

अचानक कोसळलेल्याच्या रक्तात काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून नुसते दाबही चालतात. बुडालेल्याचं उलट: त्याचा प्राणवायू आधीच संपलेला असतो, त्याला तोंडाने श्वासही द्यावेच लागतात. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. गावच्या नदीवर, धबधब्यावर कोण असतं?

१९६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संशोधकांनी ही पद्धत मांडली, तेव्हाच लिहिलं होतं की यासाठी दोन हात पुरतात. मात्र ५ सेंटिमीटर म्हणजे किती, हे वाचून कळत नाही. सरावाच्या माणसाएवढ्या बाहुलीवर दाबूनच कळतं. नाटकाच्या तालमी महिनाभर चालतात, त्यातली एक संध्याकाळ बाहुलीसाठी काढता येईल. दोन मिनिटांत हात भरून येतात आणि दाब उथळ पडू लागतात, तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यायची. हा बदलही तालमीतच बसवावा.

बरगडी मोडली तर? मोडते कधीकधी. ती जुळून येते.