मोटारीची उन्हाळी निगा (नागपूर)

नागपूर व लगतच्या पूर्व विदर्भात मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत ऊन, धूळ आणि जड (क्षारयुक्त) पाणी यांपासून मोटारीचा रंग व इंजिन वाचवण्यासाठी घेतली जाणारी काळजी. थंड प्रदेशांत ही निगा हिवाळ्याआधी करतात, कारण तिथे रस्त्यावर टाकलेले मीठ पत्रा खाते आणि इंजिनातले पाणी गोठले तर ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) तडकतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, पण तेव्हाही गोठण्याचा प्रश्न आला नाही. इथला कसोटीचा काळ म्हणजे एप्रिल-मे आणि २५ मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस). २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली. ३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, तो संवेदकाचा बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. तसेही हे आकडे सावलीतल्या हवेचे असतात. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांच्या वर सहज जातो. पांढरी गाडी त्यामानाने बरीच थंड राहते.

रंग

आजच्या गाड्यांवर प्रायमर, रंगाचा थर आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून निघताना या सगळ्यांची जाडी मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये याच थरात असल्यामुळे तो पातळ झाला की खालचा रंग उघडा पडतो. मेच्या अखेरीस नागपुरात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणून छत, बॉनेट आणि डिकी यांना सर्वाधिक मार बसतो. दरवाजे चकचकीत आणि छताला मात्र पापुद्रे सुटलेले, अशा जुन्या गाड्या शहरात पुष्कळ दिसतात. क्लिअर कोट एकदा सुटू लागला की पॉलिश, वॅक्स, कोटिंग कशानेही तो परत बसत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो.

मशीनने केलेल्या प्रत्येक रबिंगमध्ये (घासून चमक आणण्यात) क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणे म्हणजे पैसे देऊन आयुष्य कमी करून घेणे. कडेच्या धारा आणि दाराच्या घड्या इथे थर मुळातच पातळ असतो, त्यामुळे रंग प्रथम तिथेच उघडा पडतो.

उन्हाच्या खालोखाल नुकसान होते ते पुसण्याच्या सवयीने. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांची राख, रस्त्याच्या कामांची धूळ आणि उन्हाळी वावटळी यांमुळे गाडीवर रोज बारीक, कडक कणांचा थर बसतो. सकाळी कोरड्या फडक्याने किंवा एकाच बादलीत पिळलेल्या ओल्या कापडाने गाडी ‘मारून’ घेतली की हे कण रंगावरून फिरतात आणि उन्हात गोल जाळ्यासारखे ओरखडे चमकू लागतात. उघड्यावर उभ्या गाडीला कव्हर घालण्यानेही हेच होते, कारण गरम वाऱ्यात कव्हर फडफडते आणि खालची धूळ घासली जाते. कव्हर घालायचेच असेल तर धुतलेल्या गाडीवर, आतून मऊ अस्तराचे, घट्ट बसणारे घालावे. शेड असेल तर कव्हरची गरज नाही.

गाडी सकाळी ८ च्या आत, पत्रा हाताला गार लागत असताना धुवावी. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत कार शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत बुडवावा. छतापासून खाली यावे, चाके शेवटी. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने वॅक्स निघून जाते.

पाणी कुठले, हेही पाहावे लागते. शहरातल्या अनेक वस्त्यांत गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते. ते जड असते आणि उन्हात थेंब सुकले की कॅल्शियमचे पांढरे गोल डाग राहतात. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी त्याहून वाईट. दिवसभर बाष्पीभवन होऊन त्यात क्षार दाटलेले असतात, त्यामुळे काटकसर म्हणून ते गाडीवर ओतू नये. ताजे डाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मिनिटभर कापडाने ओले ठेवले की निघतात; मग भरपूर पाण्याने धुवावे. डाग थरात उतरले असतील तर पॉलिश करण्यावाचून उपाय नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते, पण उन्हाळ्यात डाग खोल जाण्याचे कारण तेवढेच नाही. दुपारी क्लिअर कोट तापून मऊ होतो, रात्री आकसून कडक होताना वाळलेल्या विष्ठेचा आकारच धरतो. म्हणून ती त्याच दिवशी काढावी. खरवडू नये, ओले कापड पाच-दहा मिनिटे ठेवून उचलून घ्यावे. कडुनिंबाच्या सावलीला गाडी लावली तर डिंक, आंब्याखाली लावली तर मोहराच्या काळात तुडतुड्यांचा चिकट स्राव पडतो. कोमट पाण्याने न गेलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने हलकेच सुटतो. थिनर मात्र कधीही नाही. एवढे सोसूनही झाडाची सावली उघड्या उन्हापेक्षा बरीच.

कार्नौबा हे वनस्पतीजन्य वॅक्स दिसायला सुंदर, पण इथल्या उन्हात लवकर उतरते. रंगावर संरक्षक थर देणारे कृत्रिम सीलंट अधिक टिकते. फेब्रुवारीअखेर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा सीलंट लावले तर बहुतेक गाड्यांना पुरे. सिरॅमिक कोटिंगमुळे धुणे सोपे होते, पण त्यावरही जड पाण्याचे डाग पडतात. नव्याने रंगवलेल्या भागावर साधारण महिनाभर काहीही लावू नये, आतला द्रावक निघून जाऊ द्यावा.

इंजिन

थंडी नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारा, सहज न गोठणारा द्रव) कशाला, साधे पाणी चालेल, हा इथला जुना समज. उष्णता वाहून नेण्यात पाणी खरोखरच सरस आहे. तरी कूलंट हवे, कारण त्यात गंजरोधक द्रव्ये असतात आणि त्याचा उत्कलनबिंदूही जास्त असतो. इथिलीन ग्लायकोल आणि डिमिनरलाइझ्ड (क्षार काढलेले) पाणी यांचे निम्मेनिम्मे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते; रेडिएटरच्या झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरला की ते १२५ अंशांच्या पुढे जाते. झाकणाचे रबर कडक झाले तर हा फरक हातचा जातो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) काढून टाकण्याआधी हे स्वस्त झाकण बदलून पाहावे. बोअरचे पाणी घातले तर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि हेडमधल्या (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागातल्या) सर्वांत गरम जागी क्षार बसतात.

लहान गाड्यांत साधारण ४ ते ६ लिटर कूलंट मावते. सिस्टिम धुतल्यावर ब्लॉकमध्ये बरेच पाणी उरते, हे विसरले की मिश्रण पातळ होते. म्हणून आधी एकूण क्षमतेच्या निम्मे घट्ट (पाणी न मिसळलेले) कूलंट भरावे आणि उरलेली जागा पाण्याने भरावी. तयार मिश्रणाच्या बाटलीत मात्र पाणी मिसळायचे नसते. ही चूक गॅरेजमध्येही होते. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा, असे नव्हे. वेगवेगळे प्रकार एकत्र झाले तर साका बसू शकतो.

एप्रिल-मेमध्ये सावरीचा कापूस उडतो. तो धूळ आणि किड्यांसह एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत अडकतो. गाडीच्या पुढच्या जाळीतून पाहिले तर समोरचा भाग स्वच्छच दिसतो. थंड इंजिनावर, बागेच्या नळीने, इंजिनाच्या बाजूने जाळीकडे पाणी मारून तो काढावा. सर्व्हिसिंगच्या जेटने पातळ पाती वाकतात.

गाडी कुठे तापते यावरून दोष ओळखता येतो. सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळू लागताच उतरतो, तर पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) किंवा कचऱ्याने बुजलेली फट तपासावी. शहरात ठीक, पण शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागून एसी लावून १२० चा वेग धरल्यावर काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून बुजलेला, वॉटर पंप थकलेला किंवा थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणारा असण्याची शक्यता जास्त.

एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर उघडून पाहावा. हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. कागद फाटला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. इंजिन ऑइलच्या ५डब्ल्यू-३० सारख्या क्रमांकात पहिला आकडा थंड सुरुवातीचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. उन्हाळा म्हणून परस्पर जाड ऑइल घालू नये. कंपनीच्या पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यात बसेल तेच घालावे आणि पातळी दर पंधरवड्याला पाहावी.

बॅटरी थंडीपेक्षा उष्णतेने लवकर संपते. साधारण १० अंश वाढीव तापमानात तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा अंदाज धरतात. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर डिस्टिल्ड वॉटर असावे. बंद गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. डिसेंबरात स्टार्टर घरघरला की दोष थंडीला जातो, झीज मेमध्ये झालेली असते.

रस्त्यात काटा लाल पट्ट्याकडे गेला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, कारण तोही एक छोटा रेडिएटरच असतो. गाडी बाजूला घ्यावी. वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करावे. निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये, ब्लॉकवर गार पाणी ओतू नये. नंतर जाड कापडाने झाकण थोडे सैल करून दाब जाऊ द्यावा आणि पाणी हळूहळू भरावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट (ब्लॉक व हेड यांमधले सील) उडाल्याची शंका घ्यावी आणि गाडी चालवत न नेता टो करून गॅरेजला न्यावी.