सॅटेलाइट रेडिओ की ॲपवरचा रेडिओ: गाडीत पैसे नेमके कशाचे भरायचे?

अमेरिकेत नवी गाडी घेतली, किंवा डीलरकडून सेकंडहँड घेतली, की बहुतेक वेळा सिरियस एक्सएम या वर्गणीच्या सॅटेलाइट रेडिओचे काही महिने फुकट मिळतात. ते संपत आले की पत्रं, ईमेल आणि फोन सुरू होतात, आणि घरात विषय निघतो: हे चालू ठेवायचं का? मग चॅनेल किती, गाणी कोणती, मॅच लागते का, अशी चर्चा होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. गाडीत जे वाजतंय ते येतं कुठून? कारण एकाच नावाखाली, एकाच स्क्रीनवर आता दोन अगदी निराळ्या गोष्टी वाजतात आणि बिल भरणाऱ्याला बरेचदा ते ठाऊकच नसतं.

पहिली गोष्ट खरा सॅटेलाइट रेडिओ. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह उभे आहेत. पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला ते एका जागी स्थिर वाटतात. त्यांच्याकडून २.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी थेट गाडीच्या टपावरच्या अँटेनात येतात. या वाटेत फोनचं नेटवर्क कुठेच नाही. अमेरिकेच्या सरकारने १९९७ मध्ये या लहरींचे दोन परवाने लिलावात विकले. त्यातल्या एक्सएमची सेवा सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली, सिरियसची २००२ मध्ये, आणि जुलै २००८ मध्ये दोघांची मिळून एकच कंपनी झाली.

दुसरी गोष्ट इंटरनेटवरून येणारा रेडिओ: स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, पँडोरा, आणि हो, सिरियस एक्सएमचं स्वतःचं ॲपसुद्धा. हा सगळा माल मोबाइलच्या टॉवरवरून फोनमध्ये किंवा गाडीतल्या मोडेममध्ये उतरतो.

दोन्हींतला मूळ फरक असा: उपग्रह म्हणजे चौकातला लाउडस्पीकर. एकाने ऐकलं काय आणि तीन कोटींनी ऐकलं काय, त्याला तेवढंच ओरडायचं असतं, आणि कोण ऐकतंय हेही त्याला कळत नाही. ॲपचं तसं नाही. तिथे प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, म्हणूनच तुम्ही गाणं थांबवू शकता, पुढे ढकलू शकता, हवं ते मागू शकता. बाकीचे बहुतेक फायदे-तोटे यातूनच निघतात.

गोंधळ वाढला तो गेल्या काही वर्षांत. २०१९ च्या रॅम १५०० ट्रकपासून ‘३६०एल’ नावाची व्यवस्था गाड्यांमध्ये येऊ लागली. तिच्यात काही चॅनेल उपग्रहावरून येतात, काही इंटरनेटवरून, आणि यादी मात्र सलग एकच दिसते. डोंगरात फोनचं नेटवर्क गेलं की काही चॅनेल गप्प होतात आणि माणसाला वाटतं रेडिओ बिघडला. बिघडलेलं काही नसतं, ती चॅनेल मुळात आकाशातून येतच नव्हती. टेस्लाची कथा याहून सरळ आहे. मॉडेल थ्री आणि मॉडेल वायमध्ये उपग्रहाचा रिसीव्हरच नाही. २०२४ च्या अखेरीस तिथे जे सिरियस एक्सएम आलं ते निव्वळ ॲप. ‘मी सॅटेलाइट रेडिओसाठी पैसे भरतो’ असं या गाड्यांचा मालक म्हणत असेल, तर तो खरं तर आणखी एका स्ट्रीमिंग ॲपचे पैसे भरतोय.

आपल्या गाडीत काय आहे हे ताडायला एक सोपी युक्ती आहे. रेडिओ सॅटेलाइटवर लावा आणि चॅनेल शून्यावर जा. तिथे ‘रेडिओ आयडी’ म्हणून अक्षरं-आकड्यांची एक ओळ दिसते. ती तुमच्या गाडीतल्या रिसीव्हरची ओळख. वर्गणी लागते ती त्या आयडीला, तुम्हाला नाही. म्हणून घरात दोन गाड्या असतील तर दोन वर्गण्या, दुसरीवर थोडी सवलत मिळते इतकंच. गाडी विकली की ती वर्गणी नव्या गाडीवर फिरवून घ्यावी लागते किंवा बंद करावी लागते, आणि हे विसरणारे पुष्कळ आहेत. ॲपचं खातं मात्र माणसाच्या मागे फिरतं, गाडीत, स्वयंपाकघरात, चालायला जाताना.

आता पैसे वसूल कुठे होतात ते बोलू. माझ्या लेखी उपग्रहाचं खरं मोल एकाच ठिकाणी आहे: जिथे फोन मुका होतो तिथे. नेवाडातला रूट ५० घ्या, ज्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हणतात. ऑस्टिन ते युरेका हे साधारण ७० मैल. मध्ये गाव नाही, पंप नाही, आणि फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या मोठ्या पट्ट्यात दिसेनाशा होतात. यलोस्टोनमध्ये सिग्नल मुख्यतः ओल्ड फेथफुल, मॅमथ, कॅनियन अशा वस्तीच्या ठिकाणांपुरता. मधल्या रस्त्यांवर फारसा नाही. अशा जागी उपग्रहाचा रेडिओ शांतपणे वाजत राहतो. बातम्या, बेसबॉलची कॉमेंटरी, जुना जॅझ, जे लावलं असेल ते. आठ-आठ तास एकट्याने गाडी हाकणाऱ्याला चालू असलेल्या माणसाच्या आवाजाची किंमत काय असते हे ज्याने तो प्रवास केलाय त्याला सांगावं लागत नाही.

पण उपग्रहालाही आकाश लागतं. तो विषुववृत्तावर असल्यामुळे अमेरिकेतून तो कायम दक्षिणेकडे दिसतो, आणि जितकं उत्तरेला जावं तितका खाली, क्षितिजाकडे. त्यामुळे वॉशिंग्टन किंवा मोंटाना राज्यात रस्त्याच्या दक्षिणेला उंच कडा किंवा दाट सूचिपर्णी झाडी आली की आवाज तुटतो. बोगद्यात, तळघरातल्या पार्किंगमध्ये तर प्रश्नच नाही. पुलाखालून जाताना मात्र सहसा काही कळत नाही. त्यामागची कल्पना मला फार आवडते: एकच कार्यक्रम दोन वाटांनी पाठवतात, त्यातला एक काही सेकंद मागे ठेवलेला. गाडीतला रिसीव्हर पुढचा भाग साठवून ठेवतो आणि एका वाटेत खंड पडला की दुसऱ्या वाटेने आलेल्यातून तो भरून काढतो. मॅनहॅटन किंवा शिकागोच्या उंच इमारतींत उपग्रह दिसतच नाही, म्हणून तिथे जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा पाठवणारी यंत्रं, बसवलेले आहेत. म्हणजे डाउनटाउनमध्ये तुम्ही ऐकता तो ‘सॅटेलाइट’ रेडिओ बरेचदा शेजारच्या इमारतीवरून येत असतो.

एडिसनहून न्यूयॉर्कला किंवा फ्रीमाँटहून सॅन होजेला रोज जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या वाटेवर टॉवर पावलापावलाला आहेत. डेटाची भीतीही आता उरलेली नाही. १६० केबीपीएसने (सेकंदाला १६० किलोबिट) गाणी ऐकली तर तासाला सुमारे ७२ एमबी जातात, ३२० ने १४४ एमबी. अनलिमिटेड प्लॅन असलेल्याला हे किरकोळ आहे. आवाजाच्या दर्जातही ॲप पुढे आहे. उपग्रहाच्या मोजक्या लहरींत शंभराहून जास्त चॅनेल कोंबायची असल्याने आवाज बराच दाबलेला असतो. गप्पांच्या चॅनेलवर हे खपून जातं, सतार किंवा व्हायोलिन ऐकताना कानाला लागतं.

आणि मराठी माणसासाठी एक गोष्ट निर्णायक आहे. उपग्रहावर आपल्या भाषेचं चॅनेल नाही. नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, मराठी पॉडकास्ट हे सगळं इंटरनेटवरच. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची केंद्रं फुकट लागतात, मुंबईची अस्मिता वाहिनी आणि विविध भारतीसकट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची संध्याकाळ म्हणजे भारतातली सकाळ, त्यामुळे कॅलिफोर्नियात ऑफिसमधून घरी येताना भारतातला सकाळचा कार्यक्रम थेट ऐकता येतो. भारतातून आलेले आईबाबा मागच्या सीटवर असतील तर त्यांच्यासाठी याच्या तोडीचं दुसरं काही मला माहीत नाही.

भारतातल्या वाचकांना यावरून वर्ल्डस्पेस ही सॅटेलाइट रेडिओ सेवा आठवेल. एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये सोडला गेला आणि त्यावरून ती सेवा भारतात यायची. तिचा छोटा अँटेना आकाशाकडे तोंड करून खिडकीत ठेवावा लागे. तिच्या ‘गंधर्व’ चॅनेलवर दिवसभर हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत असायचं, आणि ते हरवल्याची हळहळ रसिकांना आजही वाटते, मलाही. मूळ कंपनीने २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद पडली. हजारो घरांतले चांगले चालणारे सेट त्या दिवसापासून निकामी झाले, कारण सेट एकाच कंपनीच्या लहरींना बांधलेला होता. गाडीतला सॅटेलाइट रिसीव्हरही तसाच बांधलेला आहे. ॲप बंद पडलं तर दुसरं टाकता येतं.

किमतीबद्दल सावध राहा. गाणी-गप्पा-खेळ अशा भरल्या पॅकेजचा यादीतला दर महिन्याला वीस डॉलरच्या पुढे जातो, पण तो पूर्ण दर निमूटपणे भरायची गरज क्वचितच पडते. बंद करतो म्हटलं की बरेचदा निम्म्याहून कमी दर पुढे येतो. त्यावर ‘म्युझिक रॉयल्टी फी’ नावाचा आकार २००९ पासून लागत आला आहे आणि तो लहान नाही. म्हणून फोनवर एकच विचारायचं: सगळं धरून कार्डावर किती पडणार, आणि सवलत संपल्यावर किती? तारीख त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये टाका, कारण त्यानंतर आपोआप पूर्ण दराने नूतनीकरण होतं. बंद करणं किती किचकट होतं याची नोंद कोर्टातही झाली आहे. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी डिसेंबर २०२३ मध्ये सिरियस एक्सएमवर दावा लावला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्या लांबलचक पद्धतीने केंद्रीय कायद्याचा भंग होतो असा निकाल दिला.

गाणी आधीच फोनवर उतरवून घेतली तर रूट ५० वरही चालतात, हे खरंच आहे, आणि त्याने उपग्रहाचा अर्धा दावा निकालात निघतो. राहतो तो थेट प्रक्षेपणाचा. मॅच, बातम्या, आत्ता कोणीतरी बोलतंय ही सोबत, ही उतरवून ठेवता येत नाही. एनएफएल (अमेरिकन फुटबॉल), एमएलबी (बेसबॉल), एनएचएल (आइस हॉकी), एनबीए (बास्केटबॉल) यांपैकी एखाद्या खेळाचा नाद असेल आणि कामानिमित्त वायोमिंग-नेवाडासारख्या भागात नेहमी गाडी चालवावी लागत असेल, तर सवलतीच्या दरात सॅटेलाइट जरूर ठेवा, वसूल होतो. वर्षातून एकदा यलोस्टोनला जाणाऱ्याने तेवढ्या उन्हाळ्यापुरता घ्यावा. बाकीच्यांनी, आणि ज्यांना गाडीत मराठी हवं त्या सगळ्यांनी, तेच पैसे जाहिरातमुक्त ॲपवर घालावेत. मॉडेल थ्री किंवा मॉडेल वाय चालवणाऱ्यांनी तर तुलना फक्त ॲपची ॲपशीच करावी.

फुकटचे महिने चालू असतानाच तुमच्या नेहमीच्या लांबच्या रस्त्यावर एकदा दोन्ही आलटून पालटून लावून बघा. जाताना सॅटेलाइट, येताना फोन. शेजारी बसलेल्याला आवाज कुठे तुटला ते मैलाच्या दगडानुसार लिहून ठेवायला सांगा.