कम्युनिटी कॉलेज आणि तिथलं ग्रॅज्युएशन

कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, घराजवळचं, कमी फीचं, आणि ॲडमिशनला सहसा मार्कांची अट नाही. आधी यांना ज्युनियर कॉलेजच म्हणायचे, पण आपल्या अकरावी-बारावीशी घोळ करू नका, इथे बारावीनंतर जातात, असोसिएट ही दोन वर्षांची डिग्री घेतात आणि क्रेडिट्स (पास केलेल्या विषयांचे जमा होणारे गुण) जुळले तर पुढे युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला बसतात. अजून चालू असलेलं सगळ्यात जुनं सरकारी म्हणजे इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ चं.

आत शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. नोकरी, पोरं, आजारी आईवडील हे सगळं सांभाळून शिकणारे खूप, त्यामुळे दोन वर्षांचा कोर्स चार-पाच वर्षं रेंगाळतो नाहीतर मध्येच सुटतो. सरकारी हिशोबातला नेहमीचा आकडा तीन वर्षांत किती जण पास झाले हे बघतो, तोही पहिल्यांदाच आलेल्या फुल-टाइम पोरांचा, म्हणजे डिग्री न घेता युनिव्हर्सिटीत गेलेला हुशार पोरगासुद्धा त्यात पास धरत नाहीत, आता बोला.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये एसॅप नावाची योजना काढली. फुल-टाइम शिकायचं आणि ॲडव्हायझरला नेमाने भेटायचं, बदल्यात सरकारी मदत वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत आणि मेट्रोचा फुकट पास. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी पोरं दोन गटांत वाटून तपासलं तेव्हा तीन वर्षांत एसॅपवाले ४० टक्के पास झाले, बाकीचे २२. मेट्रोचा पास ऐकायला किरकोळ वाटतो, पण महिनाअखेरीला तिकिटाचे पैसे नसले की लेक्चर बुडतंच ना.

ग्रॅज्युएशनचा थाट मात्र मोठ्या युनिव्हर्सिटीसारखाच, गाऊन, चौकोनी टोपी, इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारची मिरवणुकीची धून (तीही १९०१ चीच, ग्रॅज्युएशनला १९०५ मध्ये येल युनिव्हर्सिटीत वाजली आणि मग सगळीकडेच). डिग्री जाहीर झाली की टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घ्यायचा. चांगल्या मार्कांवर फाय थीटा कॅपा या १९१८ च्या ऑनर सोसायटीत गेलेले तिचा सोनेरी पट्टा गळ्यात घालतात. टोपीवर चमकी लावून 'आई, झालं एकदाचं' छाप काहीतरी लिहितात, आणि नाव पुकारलं की प्रेक्षकांतून टाळ्यांच्या आधी त्यांच्याच पोरांची 'मम्मी!' अशी आरोळी येते.