चप्पल सैल वाटते म्हणून परत आणण्याआधी हे वाचा

(मधुमेह, कुष्ठरोग किंवा दुसऱ्या कारणाने पायाची जाणीव कमी झालेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे परत येणाऱ्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे मऊ रबराचा तळ असलेल्या) चपलांमध्ये एकच तक्रार सगळ्यात जास्त असते : ‘सैल आहे, एक नंबर कमी द्या.’ आम्ही पाय पुन्हा मोजतो, कागदावर पुन्हा आखून घेतो. बहुतेक वेळा माप बरोबरच निघतं. तरी ग्राहकाला पटत नाही. पाय त्यांचा आहे, त्यांना सैल वाटतेय, मग दुकानदार का ऐकत नाही, असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. दोन-तीन फेऱ्या होतात, गावाहून येणाऱ्याचा दिवस मोडतो, आमचं काम थांबतं, आणि शेवटी काहीजण नाराज होऊन बाहेरून एक नंबर लहान चप्पल घेतात. महिना-दीड महिन्याने करंगळीला जखम घेऊन तेच ग्राहक परत आलेले मी पाहिले आहेत. म्हणून हे पत्रक लिहितोय. सवड काढून वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या.

आपल्या कोल्हापूर भागात चप्पल घ्यायची रीत आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेली आहे. चामड्याची चप्पल नवी असताना घट्टच घ्यायची, चार दिवस चावेल, मग पायाचा आकार घेईल. माझे वडीलही गिऱ्हाइकाला हेच सांगत आणि ते बरोबरच होतं. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती. चप्पल चावली की माणसाला कळायचं, तो ती काढून ठेवायचा, जपून चालायचा. तुमच्या पायाला चावणं कळत नसेल, तर ही रीत तुमच्या कामाची राहिली नाही. शिवाय आमच्या पट्ट्यांना आतून मऊ अस्तर असतं, ते चामड्यासारखे सैलावत नाहीत.

पायाला कळतं कसं

कातडीत जाणीव टिपणारी टोकं असतात आणि ती सगळी एकसारखी नसतात. अगदी वरच्या थराजवळची काही टोकं हलका स्पर्श आणि घसरणं टिपतात. त्यांच्या शेजारची दुसरी टोकं दाब आणि कडा टिपतात, म्हणजे तळव्याखाली वाटाण्याएवढा खडा आहे की सपाट फरशी, ते. खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेले बारीक दाणे असतात, ते थरथर टिपतात. डॉक्टर पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवून ‘थरथरतंय का?’ असं विचारतात, ते यांचीच खबर घेत असतात. ऊन, गार आणि दुखणं यांची टोकं मात्र उघडी असतात. त्यांच्यावर कसलंही आवरण नसतं, नुसते मज्जातंतूंचे बारीक फाटे कातडीत पसरलेले असतात.

प्रत्येक टोकाच्या पडद्यात सूक्ष्म दारं असतात. पाय दाबला की पडदा ताणला जातो, स्पर्शाचं दार उघडतं, टोकाभोवतीच्या मिठाच्या पाण्यातले विद्युतभारित कण आत शिरतात आणि एक विजेचा ठोका मज्जातंतूवरून निघतो. उष्णतेचं दार साधारण ४३ अंश सेल्सियसला उघडतं. मिरचीतला तिखट अंशही हेच दार उघडतो. म्हणून ठेचा कुटल्यावर हाताची आग आग होते, पण हात लावून पाहिला तर तो गरम नसतो. ही दारं शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं.

आता आमच्या धंद्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श वर नेणारा धागा ज्या पेशीचा असतो, ती पेशी कमरेजवळ, कण्याच्या बाजूला असते. म्हणजे एकाच पेशीचा धागा जवळजवळ मीटरभर लांब. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सगळ्यात लांब धाग्यांना आधी इजा होते. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. तो इतका हळू येतो की माणसाला त्याची सवय होत जाते. ‘मला सगळं कळतं’ असं म्हणणारे ग्राहक खोटं बोलत नसतात. जे कळत नाही, ते कळत नाही हेही कळत नसतं.

मग घट्ट चप्पल बरोबर का वाटते

दाब टिपणाऱ्या टोकांना दखल घ्यायला किमान काही दाब लागतो. निरोगी पायाला पट्ट्याचा नुसता टेकलेला दाबही पुरतो, तेवढ्यावर त्याला ‘चप्पल पायात आहे’ हे कळतं. जाणीव कमी झालेल्या पायाला तोच निरोप मिळायला कितीतरी जास्त दाब लागतो. मापाची चप्पल घातली की पायाला काहीच कळत नाही आणि डोकं त्याचा अर्थ ‘सैल आहे’ असा लावतं. एक नंबर लहान घातली की पट्टा रुततो, तेव्हा कुठे थोडी जाणीव होते आणि वाटतं, हां, आता बसली! तुम्हाला जी चप्पल बरोबर वाटते, ती तुमच्या पायाला घट्ट असते. या पत्रकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

घट्ट पट्ट्याचा दाब फार नसतो. पण तो तासन्‌तास एकाच जागी राहिला तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबलेल्या राहतात, कातडीला रक्त मिळत नाही आणि ती मरते. निरोगी माणूस दिवसभरात नकळत शंभरदा पाय हलवतो, बोटं मोकळी करतो, थोडं लंगडतो, भार बाहेरच्या कडेवर टाकतो. हे त्याला दुखण्याची टोकं करायला लावतात. ती गप्प असली की माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच चालीने, त्याच जागेवर भार देत चालत राहतो.

हे नीट ओळखलं डॉ. पॉल ब्रँड यांनी. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवायला आले. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप सडत नाही. दुखणं कळत नाही म्हणून भाजतं, कापतं, घासतं, दबतं आणि रोज त्याच जखमेवर चालल्याने पाय जातो. रात्री झोपेत उंदीर कुरतडत, तेही त्या माणसांना कळत नसे. आमच्या चपलेत जो मऊ रबराचा तळ आहे तो कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी भारतात वर्षानुवर्षं वापरला गेलेला आहे. मधुमेहींसाठी तो नंतर आला. ‘ही तर त्या रोगाची चप्पल’ असं म्हणून काही ग्राहक ती घालायला लाजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या माणसांच्या पायांनी जे सोसलं त्यातूनच आज तुमचे पाय वाचवायची विद्या आली आहे.

‘माझे तळपाय तर जळतात, मग जाणीव गेली कशी?’

हा प्रश्न रोज येतो. स्पर्श नेणारे धागे जाड असतात, त्यांतून निरोप सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने जातो. रेंगाळणाऱ्या दुखण्याचे धागे अगदी बारीक, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. उंबऱ्याला बोट ठेचकाळलं की आधी आपटल्याचं कळतं आणि खरी कळ सेकंदभराने वर चढते, ती यामुळेच. धागे वेगळे असल्यामुळे इजाही वेगवेगळी होते. एखाद्याला थरथर कळत नाही पण टोचलेलं कळतं, एखाद्याचं उलट. आणि इजा झालेले बारीक धागे बाहेर काही घडलेलं नसतानाही आपणहून निरोप सोडत राहतात. रात्री पाय जळणं, मुंग्या येणं हे सगळं त्यातलं. म्हणजे जळजळ असणं आणि खिळा टोचलेला न कळणं, दोन्ही एकाच पायात सुखाने नांदू शकतात. जळजळीवर औषध डॉक्टरांकडून घ्या. चपलेने ती जात नाही, आणि जाते असं कोणी सांगून चप्पल विकत असेल तर घेऊ नका.

गरम पाण्याबद्दल थोडं

चपलेशी याचा संबंध नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या पायांवर भाजल्याचे डाग इतके दिसतात की लिहावंसं वाटतं. कातडीला ६० अंशांचं पाणी भाजायला पाचेक सेकंद पुरतात. ४४ अंशांना सुमारे सहा तास लागतात, पण भाजतं तेही. रात्रभर पायाशी ठेवलेली गरम पाण्याची पिशवी याच कारणाने घात करते. पायाने पाणी चाचपून पाहू नका, कोपराने पाहा. हातही बधिर असतील तर घरच्यांना पाहायला सांगा. शेकोटीजवळ पाय धरू नका, मोटारसायकलच्या सायलेन्सरपासून पाय लांब ठेवा. वैशाखात दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. सकाळी लवकर जा आणि जाड सुती मोजे घाला.

आमची पद्धत, आणि ती अशी का आहे

आम्ही फोनवर नंबर विचारून चप्पल पाठवत नाही. ‘आठ नंबर’ म्हणजे फक्त लांबी, पायाची रुंदी आणि बोटांची उंची त्यात येत नाही. माप आम्ही संध्याकाळी चारनंतर घेतो, कारण दिवसभरात पायाला थोडी सूज चढते आणि सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी आवळते. दोन्ही पाय उभं राहून मोजतो, बसून नाही. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा सोडतो. ही जागा म्हणजे सैलपणा नव्हे, चालताना पाय तेवढा पुढे सरकतो.

मापाआधी आम्ही तुमचे डोळे मिटायला लावून तळव्याला एक नायलॉनचा तंतू टेकवतो. तो दहा ग्रॅमचा जोर पडला की वाकतो, म्हणून प्रत्येक वेळी दाब सारखाच राहतो. कुठल्या जागी कळलं नाही ते कागदावर खूण करून देतो. हे निदान नव्हे, तो कागद डॉक्टरांना दाखवा. पण ज्या ग्राहकाने स्वतः डोळे मिटून पाहिलं की आपल्याला चार जागी कळलंच नाही, तो सैलपणाबद्दल पुन्हा भांडत नाही, असा माझा अनुभव आहे.

अंगठ्यात अडकवायचा पट्टा आम्ही घालत नाही. बोटांच्या बेचक्यात तो घासतो आणि चप्पल पायात ठेवायला बोटं आवळावी लागतात. टाचेमागे पट्टा असतोच. तो काढून मागू नका. वरचे पट्टे वेल्क्रोचे असतात, सूज येईल तसे सोडता येतात. खिळा आम्ही एकही मारत नाही, सगळं चिकटवून आणि शिवून. खालचा सोल कडक असतो कारण आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत. त्यामुळे चप्पल जड होते हे मान्य आहे.

किंमतीबद्दल विचारणा होते. बाजारात ‘डायबेटिक चप्पल’ म्हणून स्वस्त फोमची मिळते. घेण्याआधी तळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून पाहा. चांगलं एमसीआर दाबल्यावर निम्म्याच्या आसपास जाडीला येतं आणि सोडताच पूर्ववत होतं. दबतच नसेल तर तळव्याचा भार पसरणार नाही, दबून तसंच राहत असेल तर महिन्याभरात ते पापड होईल. ही कसोटी आमच्याही चपलेला लावा. सहा महिन्यांनी लावली तर आणखी बरं. तळ बसला असेल तर आम्ही तेवढाच बदलून देतो, नवी चप्पल घ्यावी लागत नाही.

नवी चप्पल घरी नेल्यावर

पहिल्या दिवशी अर्धा तास घाला, तोही घरात. काढल्यावर उजेडात पाय पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवंडांना पाहायला सांगा. लाल वळ उठला असेल आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर ती जागा दबतेय. लगेच या, आम्ही पैसे न घेता दुरुस्त करतो. वळ नसेल तर रोज अर्धा-एक तास वाढवत जा. हात पायाच्या पाठीवर फिरवून एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागतेय का तेही पाहा. जखम होण्याआधी तिथली कातडी गरम होते. घालण्याआधी चप्पल झटका आणि आतून हात फिरवा. रात्रभर बाहेर राहिलेल्या चपलेत खडा, काडी, सुटी पिन काहीही असतं.

म्हणजे चप्पल बसते की नाही, हे आता पायाला न विचारता डोळ्यांना आणि हाताला विचारायचं. वळ नाही, गरम जागा नाही, चालताना टाच पट्ट्यातून निसटत नाही, तर ती सैल वाटली तरी बरोबर आहे. टाच निसटत असेल, पाय आत बाजूला घसरत असेल, तर ती खरोखर सैल आहे, आणि मग चूक आमची. तसं असेल तर जरूर या.

जखम झालेली असेल, पाणी येत असेल किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला असेल, तर आमच्याकडे नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चप्पल नंतर.

माप द्यायला येताना रोजच्या वापरातली जुनी चप्पल घेऊन या, कितीही झिजलेली असली तरी. तळ कुठे दबलाय, कडा कुठून उतरलीय, हे पाहिलं की तुमचा भार कुठे पडतो ते आम्हाला कळतं आणि नव्या चपलेत तिथे जादा थर घालता येतो. बरेच जण येण्याआधी ती टाकून देतात. टाकू नका.