अमेरिकेच्या गॅसनिर्यातीचं भांडण आणि १९३८ सालचं एक कलम

२६ जानेवारी २०२४ रोजी जो बायडन यांच्या सरकारने द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, म्हणजे एलएनजीच्या, नव्या निर्यात परवान्यांचं काम थांबवलं. वर्षभरातच, २० जानेवारी २०२५ रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी ते पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. दोघांनीही दाखला दिला तो देशाच्या हिताचा, आणि दोघांच्याही हाताशी होतं ते १९३८च्या 'नॅचरल गॅस अॅक्ट'मधलं तिसरं कलम. वायूची आयात किंवा निर्यात करायची तर सरकारची परवानगी हवी आणि ती जनहिताशी विसंगत असेल तरच नाकारता येईल, असं ते सांगतं. जनहित म्हणजे काय, हे मात्र कायद्याने कुठेच सांगितलेलं नाही. गेली पंधराएक वर्षं सगळा वाद त्या मोकळ्या जागेत चालू आहे.

मूळ कायदा निर्यातीसाठी केलेलाच नव्हता. पाइपलाइन कंपन्यांची मक्तेदारी वाढली होती, राज्याराज्यांतून जाणाऱ्या वायूचे दर त्या मनाला येतील तसे लावत होत्या, आणि त्यांना लगाम घालण्यासाठी रूझवेल्ट यांच्या काळात तो आला. म्हणजे त्याचा जन्म ग्राहकाच्या रक्षणासाठी झाला. आज निर्यातीला विरोध करणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

१९५४ मध्ये 'फिलिप्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की राज्याबाहेर विकल्या जाणाऱ्या वायूचा विहिरीच्या तोंडाशी असलेला दरही केंद्र सरकारच्याच नियंत्रणात येतो. हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला. दर इतके खाली राहिले की नव्या विहिरी खोदण्यात कुणाला रस उरला नाही. टेक्सास आणि लुइझियानातले उत्पादक आपला वायू राज्यातच, चढ्या भावाने विकू लागले, कारण तिथे हे नियंत्रण लागू नव्हतं. १९७६-७७च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ओहायोसारख्या राज्यांत शाळा आणि कारखाने बंद ठेवावे लागले. अध्यक्ष जिमी कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि घर तापवण्याचं यंत्र मंद ठेवा असं लोकांना सांगू लागले. १९७८च्या एका कायद्याने तर नव्या वीजकेंद्रांत वायू जाळायलाच बंदी घातली. ती १९८७ मध्ये उठली. विहिरीवरच्या दराचं उरलंसुरलं नियंत्रण १९९३च्या सुरुवातीला संपलं.

टंचाईची ही धास्ती अमेरिकेच्या धोरणातून पुढे अनेक वर्षं गेली नाही. मेरीलँडमधल्या कोव्ह पॉइंट टर्मिनलची कथा त्या दृष्टीने फार बोलकी आहे. अल्जीरियाहून एलएनजी आणण्यासाठी ते १९७८ मध्ये सुरू झालं. दरावरून अल्जीरियाशी बिनसलं आणि १९८०मध्ये तिथली आयात थांबली. पुढची वीसेक वर्षं जहाजांची वर्दळ जवळपास नव्हतीच. २००३ मध्ये आयातीसाठी ते पुन्हा उघडलं. त्याच वर्षी फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन यांनी काँग्रेससमोर इशारा दिला होता की देशाला बाहेरून भरपूर एलएनजी आणावा लागेल. आणि २०१८ मध्ये त्याच धक्क्यावरून वायू बाहेर जाऊ लागला. चाळीस वर्षांत एकाच जागेने देशाची गरज, देशाचा अंदाज आणि देशाची चैन असं सगळं पाहिलं. असा प्रकल्प उभा करायला अब्जावधी डॉलर लागतात आणि तो दशकानुदशकं चालवायचा असतो. ज्या अंदाजावर तो उभा राहतो तो अंदाज मात्र पाचसात वर्षांतही फिरू शकतो.

तो फिरला शेलमुळे, म्हणजे थराथरांच्या खडकात अडकलेल्या वायूमुळे. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने वर्षानुवर्षं पैसे घातले. १९९८च्या सुमाराला पाण्याच्या जोरावर खडक फोडण्याची स्वस्त पद्धत तिथे जमली. पुढे आडव्या विहिरींची जोड मिळाली आणि वायूचा पूर आला. कॅटरिना आणि रिटा वादळांनंतर २००५ मध्ये हेन्री हबचा भाव १३ डॉलरवर गेला होता. एप्रिल २०१२ मध्ये तो दोन डॉलरच्या खाली आला. हेन्री हब म्हणजे लुइझियानातलं पाइपलाइनींचं जंक्शन. अमेरिकी वायूचा भाव तिथे ठरतो आणि तो दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटमागे मोजतात.

या उलथापालथीत सापडली ती शेनिएर ही कंपनी. तिने लुइझियानाच्या सबीन पास इथे आयातीचं टर्मिनल बांधलं आणि ते एप्रिल २००८ मध्ये सुरू केलं. तोवर आयातीची गरजच संपत आली होती. कंपनी बुडण्याच्या बेताला आली. तेव्हा तिचे संस्थापक शरीफ सूकी यांनी तेच टर्मिनल उलटं फिरवायचं ठरवलं. टाक्या होत्या, धक्का होता, पाइपलाइन होती. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचं आकारमान सहाशेव्या हिश्शावर आणणारी यंत्रणा तेवढी नव्याने बसवायची होती. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथून पहिलं जहाज ब्राझीलला निघालं.

परवान्याच्या राजकारणात इथेच भारत येतो. १९९२च्या ऊर्जा कायद्याने एक भेद करून ठेवला आहे. अमेरिकेशी मुक्त व्यापार करार असलेल्या देशाला वायू पाठवणं जनहिताचंच मानायचं आणि परवाना विनाविलंब द्यायचा. करार नसलेल्या देशासाठी मात्र ऊर्जा खात्याने प्रत्येक अर्ज तपासायचा. दक्षिण कोरियाचा असा करार आहे, भारताचा आणि जपानचा नाही. सबीन पासला करार नसलेल्या देशांसाठीचा परवाना मे २०११ मध्ये मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेल या भारताच्या सरकारी वायू कंपनीने तिथून वर्षाला ३५ लाख टन वायू २० वर्षं घेण्याचा करार केला. त्यानंतर ऊर्जा खात्याने हात आखडता घेतला. निर्यातीमुळे घरचे दर किती वाढतील याचा अभ्यास सुरू झाला आणि पुढचा असा परवाना थेट मे २०१३ मध्ये निघाला. या काळात विरोधाला सर्वांत पुढे पर्यावरणवाद्यांइतकीच मोठी गिऱ्हाइकंही होती. डाऊ केमिकल, अल्कोआ, न्यूकॉर या कंपन्यांना स्वस्त वायू आपल्या कारखान्यांसाठी घरातच राहायला हवा होता. कोव्ह पॉइंटचा नंबर सप्टेंबर २०१३ मध्ये लागला. तिथेही गेलचा वाटा होता.

सबीन पासहून गेलचा पहिला माल ३० मार्च २०१८ रोजी दाभोळला उतरला. हे टर्मिनल मुळात एन्रॉन या अमेरिकी कंपनीने तिथल्या आपल्या वीजप्रकल्पाला ओमान आणि अबू धाबीचा वायू आणण्यासाठी आखलं होतं. महागडी वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली, वर्षअखेर एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली आणि अर्धवट राहिलेलं टर्मिनल सरकारी कंपन्यांच्या हाती सुरू व्हायला २०१३ उजाडलं. डॉलरमधल्या इंधनकराराचा भार कसा असतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पुरतं भोगलं आहे.

मुंबईच्या रिक्षावाल्यापर्यंत हेन्री हब आणखी एका वाटेने पोहोचलं होतं. नोव्हेंबर २०१४ पासून केंद्राने देशात निघणाऱ्या वायूचा दर हेन्री हबसह अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि रशिया इथल्या भावांच्या सरासरीला बांधला होता. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जगभर वायूचे भाव भडकले. आपल्याच समुद्रातून निघणाऱ्या वायूचा दर २०२२च्या मार्चअखेर असलेल्या २.९० डॉलरवरून एप्रिलमध्ये ६.१० आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७ डॉलर झाला. नोव्हेंबरात मुंबईत सीएनजी किलोला ८९.५० रुपयांवर गेला. एप्रिल २०२३ मध्ये ते सूत्र सोडून दर कच्च्या तेलाशी जोडला गेला आणि त्यावर साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा आली. उशिरा का होईना, ते योग्यच झालं.

त्याच २०२२ सालाने अमेरिकेतल्या वादालाही धार आणली. युरोपला जास्त वायू देण्याचं वचन बायडन यांनी मार्चमध्ये दिलं. ८ जूनला टेक्सासच्या फ्रीपोर्ट टर्मिनलमध्ये स्फोट होऊन ते बंद पडलं. बाहेर जायचा वायू घरात अडकला आणि हेन्री हबचा भाव घसरला. निर्यातीचा घरच्या भावावर काय परिणाम होतो, हे कुठल्याही अहवालापेक्षा त्या अपघाताने स्पष्ट दाखवलं. तरी ऑगस्टपर्यंत भाव पुन्हा नऊ डॉलरच्या पुढे गेला. २०२३ मध्ये कतार आणि ऑस्ट्रेलियाला मागे टाकून अमेरिका जगातला सर्वांत मोठा एलएनजी निर्यातदार झाला, आणि पुढच्याच जानेवारीत बायडन यांची स्थगिती आली. लुइझियानाच्या किनाऱ्यावर, जिथे कोळंबी पकडणाऱ्यांच्या होड्यांशेजारी एकामागून एक टर्मिनल उभी राहत होती, तिथे तिचं स्वागत झालं. निर्यातीच्या बाजूची राज्यं कोर्टात गेली. जुलैमध्ये लुइझियानातल्याच एका संघीय न्यायाधीशाने ती स्थगितीच रोखून धरली.

स्थगितीच्या काळात ऊर्जा खात्याने केलेला अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये बाहेर आला. निर्यात बेबंद वाढू दिली तर २०५०पर्यंत अमेरिकेतला वायूचा घाऊक भाव ३० टक्क्यांहून अधिक वाढेल, असा त्याचा निष्कर्ष होता. ट्रम्प सरकारने त्यानंतर लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या प्रकल्पांना भराभर परवाने दिले.

भारतात या अहवालाची चर्चा अमेरिकेचं घरगुती प्रकरण म्हणून झाली. ते फक्त त्यांच्या घरचं नाही. गेलच्या सबीन पास कराराचं सूत्र आहे हेन्री हबच्या भावाचे ११५ टक्के अधिक तीन डॉलर. वरचे १५ टक्के वायू मिळवण्याचा आणि तो थंड करताना जळणाऱ्या वायूचा खर्च भागवतात. तीन डॉलर टर्मिनलच्या वापराचे, माल उचलला नाही तरी द्यावे लागणारे. हेन्री हब तीन डॉलरवर असेल तर माल जहाजावर चढतानाच ६.४५ डॉलर पडतो आणि नऊवर असेल तर १३.३५. वाहतूक आणि पुन्हा वायू करण्याचा खर्च त्यावर वेगळा. जेवढी जास्त टर्मिनल उभी राहतील तेवढा हेन्री हबवरचा ताण वाढेल, आणि तिथला भाव एक डॉलरने वाढला तर आपला १.१५ डॉलरने वाढेल. निर्यात खुली झाली की आपल्याला स्वस्त वायू मिळेल असं मानणाऱ्यांनी हा हिशोब करून पाहावा.